पौर्णिमेच्या चंद्राचा फोटो पांढराफटक का येतो, आणि त्यावर काय करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. क्रॉप सेन्सरचा (म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा आहे, ३०० मिमीपर्यंत जाणारी झूम लेन्स आहे, ट्रायपॉडही आहे. तरी दर पौर्णिमेला हाती येतं ते काळ्या कागदाला पाडलेलं पांढरं भोक. डाग नाहीत, पोत नाही, कडासुद्धा विस्कटलेली. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढवून झाला, नाइट मोड लावून झाला, शटर जास्त वेळ उघडं ठेवून झालं. प्रत्येक उपायाने फोटो आणखी बिघडला. मग आता मोठी लेन्स घ्यावी का?

नका घेऊ. निदान अजून नको. तुम्ही केलेले तिन्ही उपाय एकाच गैरसमजातून आले आहेत आणि लेन्स बदलून तो गैरसमज जाणार नाही. आपण अंधारात उभे असतो, म्हणून चंद्राचा फोटो हा रात्रीचा फोटो असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण चंद्र अंधारात नाहीये. तो भर उन्हात पडलेला एक धोंडा आहे. सूर्यापासून तो जवळपास आपल्याइतक्याच अंतरावर आहे, मध्ये ढग नाहीत, हवा नाही. भर दुपारी रस्त्यावरच्या दगडावर पडतं तसंच ऊन त्याच्यावर पडतंय. अंधार आहे तो आपल्या बाजूला. त्यामुळे कॅमेरा लावायचा तो दुपारी बारा वाजता लावाल तसा.

जुन्या फिल्मवाल्यांकडे उन्हासाठी एक अंगठ्याचा नियम होता: ॲपर्चर (लेन्सचं भोक; एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान) एफ/१६, आणि शटर म्हणजे एक भागिले आयएसओ. चंद्रासाठी तोच नियम एका स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) सैल करून एफ/११ धरतात. सैल का? चंद्राचा पृष्ठभाग मुळात काळपट आहे, पडलेल्या उजेडापैकी जेमतेम १२ टक्के परत पाठवतो. झिजलेल्या डांबरी रस्त्यासारखाच म्हणा. उन्हाचा नियम जसाच्या तसा लावला तर चंद्र खराखुरा, म्हणजे डांबरी करडा येतो, आणि ते आपल्या डोळ्यांना पटत नाही. आपल्याला तो चांदीसारखा हवा असतो. म्हणून एक स्टॉप जास्त. आयएसओ १०० असेल तर एफ/११ ला १/१००, किंवा तेच एफ/८ ला १/२००. निरभ्र आकाशात चंद्र चांगला वर आलेला असताना मी एफ/८, १/२००, आयएसओ १०० इथूनच सुरुवात करतो आणि फार तर एक स्टॉप इकडेतिकडे जातो.

कॅमेऱ्याला हे आपोआप का कळत नाही? कारण तो सगळी चौकट बघून सरासरी काढतो. तुमच्या ३०० मिमीच्या चौकटीत चंद्राने व्यापलेली जागा दोन टक्केही नसते, बाकी सगळं काळं. कॅमेरा त्या काळ्याला करडं करायला बघतो आणि त्या नादात चंद्र जाळून टाकतो. स्पॉट मीटरिंग, म्हणजे फक्त मधल्या लहान वर्तुळातला उजेड मोजणं, लावलं तर फरक पडतो, पण ३०० मिमीला कित्येक कॅमेऱ्यांचं स्पॉटचं वर्तुळ चंद्रापेक्षा मोठं असतं, तेव्हा त्याच्यावरही पूर्ण विसंबू नका. सरळ मॅन्युअलवर या. चंद्राचा उजेड तुमच्या मूडनुसार बदलत नाही. एकदा आकडा सापडला की पुढच्या पौर्णिमेलाही तोच चालतो.

एक सावधगिरी मात्र. हा आकडा पौर्णिमेचा. अर्धा चंद्र म्हणजे निम्मा उजेड असं वाटतं, पण प्रत्यक्षात अष्टमीचा चंद्र पौर्णिमेच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच उजेड देतो. पौर्णिमेला ऊन आपल्या पाठीमागून चंद्रावर पडतं, त्यामुळे तिथल्या खडबडीत मातीच्या सावल्या मातीतच लपतात आणि सगळं बिंब एकदम उजळतं. म्हणून अष्टमीला शटर दोन स्टॉप तरी हळू घ्यावं लागतं. याच कारणाने पौर्णिमेचा चंद्र फोटोत सपाट दिसतो. खड्डे दिसायला सावली लागते आणि पौर्णिमेला सावलीच नसते. हा काही तुमचा दोष नाही.

मग पौर्णिमेला बघायचं काय? डाग आणि किरणं. खालच्या बाजूला टायको नावाचं एक विवर आहे, त्यातून निघालेले पांढरे पट्टे अर्ध्या बिंबावर पसरलेले दिसतात. ते पौर्णिमेला जितके ठसठशीत असतात तितके इतर दिवशी नसतात. डावीकडे कोपर्निकस आणि केप्लर. त्यांच्या वरच्या अंगाला एक बारीक लख्ख ठिपका, तो ॲरिस्टार्कस. बिंबावरची सगळ्यात उजळ जागा तीच. (हे ‘खाली’ आणि ‘डावीकडे’ उत्तर गोलार्धातून, चंद्र डोक्यावर आलेला असताना. उगवताना सगळं बिंब कलंडलेलं असतं.) मी एक्स्पोजर तपासतो ते याच जागेवर. फोटो काढला की स्क्रीनवर पूर्ण मोठा करून आधी ॲरिस्टार्कस बघायचा. तो आजूबाजूच्या डागापासून वेगळा दिसतोय, पण सपाट पांढरा झालेला नाही, एवढं झालं की बस्स. हिस्टोग्राम (डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं असा उजेडाचा आलेख) बघायचा तर त्यातला डावीकडचा प्रचंड डोंगर विसरा, ते आकाश आहे. उजवीकडे एक लहानसा उंचवटा दिसेल, तो चंद्र. उंचवटा उजव्या भिंतीजवळ असावा, भिंतीला टेकलेला नसावा. स्क्रीनच्या उजेडावर भरवसा ठेवू नका. अंधारात कुठलीही स्क्रीन लख्ख दिसते आणि फोटो घरी आल्यावर काळा निघतो.

फाइल रॉ घ्या, म्हणजे जेपेग न करता सेन्सरचा कच्चा डेटा. व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) ‘डेलाइट’वर, कारण उजेड सूर्याचाच आहे. ऑटोवर ठेवलात तर नुकताच उगवलेला नारिंगी चंद्र कॅमेरा धुऊन पांढरा करून देतो.

आता शटर. १/२०० असताना चंद्राच्या सरकण्याची काळजी करू नका. आकाशात तो साधारण दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा पुढे जातो. तुमच्या ३०० मिमी आणि २४ मेगापिक्सेलच्या हिशेबात हे सेकंदाला पाच-सहा पिक्सेल होतात. म्हणजे एक सेकंद शटर उघडं ठेवलं तर चंद्र फिसकटलाच, पण १/१२५ ला तो पिक्सेलच्या विसाव्या हिश्शाइतकाही हलत नाही. फोटो हलतो तो आपल्यामुळे.

आणि तो कसा हलतो ते एकदा डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. लाइव्ह व्ह्यू लावा, चंद्र दहापट मोठा करा आणि ट्रायपॉडच्या पायाला बोटाने हळूच टिचकी मारा. चंद्र स्क्रीनवर असा थरथरतो की विश्वास बसत नाही, आणि शांत व्हायला दोन-तीन सेकंद घेतो. बटण दाबताना तुम्ही हेच करत असता. म्हणून दोन सेकंदांचा टायमर, लांब लेन्स असेल तर दहा सेकंदांचा. आरशाचा कॅमेरा असेल तर मिरर लॉकअप, म्हणजे आरसा आधीच वर उचलून ठेवणं. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, त्याने तिपाईची एकपायी होते. लेन्सला कॉलर (ट्रायपॉडवर बसवायची कडी) असेल तर ट्रायपॉडवर कॉलर बसवा, कॅमेरा नाही. वारा असेल तर गळ्यातला पट्टा काढून ठेवा; तो शिडासारखा फडफडतो आणि माणूस तासभर लेन्सला दोष देत बसतो. स्टॅबिलायझर बंद करावा की चालू ठेवावा यावर लोक हमरीतुमरीवर येतात. जुन्या लेन्स ट्रायपॉडवर स्वतःच डुलायला लागायच्या, नव्या बऱ्याचशा डुलत नाहीत. दोन्ही करून बघा, मोठं करून बघा, पाच मिनिटांत कळतं.

फोकससाठी लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर जाऊ नका. ती अंदाजे असते, त्यात झूम लेन्सचा फोकस तापमानाने आणि झूम फिरवल्याने सरकतो. ऑटोफोकस चंद्राच्या कडेवर ठेवा, मधोमध नको. कडेला काळं-पांढरं एकमेकांना भिडतं तिथे तो पटकन पकडतो. पकडला की मॅन्युअलवर टाका, लाइव्ह व्ह्यूत मोठं करून रिंग केसभर पुढेमागे करून बघा, आणि सापडलेल्या जागी रिंगला चिकटपट्टीचा तुकडा लावून टाका. झूम हलवला की हे सगळं पुन्हा.

एफ/८ ते एफ/११ च्या पलीकडे जायचं कारण नाही. एफ/२२ ला सगळं जास्त धारदार येईल असं वाटतं, पण एवढ्या बारीक भोकातून जाताना प्रकाशच पसरतो आणि तपशील मऊ पडतो.

लेन्सच्या पुढे लावलेला यूव्ही फिल्टर काढा. ही शिकवण मला चांगली महाग पडली आहे. सुरुवातीच्या काळात एकदा रात्रभर फोटो काढले आणि घरी आल्यावर बघतो तर प्रत्येक चौकटीत दोन चंद्र. खरा एका कोपऱ्याकडे, आणि समोरासमोरच्या कोपऱ्यात एक फिकट हिरवा, उलटा. सेन्सरवरून परतलेला उजेड फिल्टरच्या सपाट काचेवर आपटून पुन्हा आत आला होता. मी मात्र दोन दिवस लेन्स खराब निघाली म्हणून हळहळत होतो.

एवढं केलंत की पांढऱ्या भोकाचा प्रश्न संपला. डाग दिसतील, किरणं दिसतील, कडा रेखीव येईल. दोन-तीन महिन्यांत याचाच कंटाळा येईल, कारण काळ्यावर गोल चंद्र हा फोटो जगातला प्रत्येकजण तसाच काढतो. चंद्र आपल्याकडे कायम एकच तोंड करून असतो, तुमचा माझ्यापेक्षा वेगळा येणार तरी कसा? वेगळेपण येतं ते खाली जमीन आली की.

आणि इथे दुसरी अडचण उभी राहते. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या सुमारे चार लाखांव्या हिश्शाइतका उजेड जमिनीवर टाकतो. चांदण्यात न्हालेली जमीन नीट दिसायला हवी असेल तर एफ/२.८, आयएसओ १६००, आणि आठ सेकंद. चंद्राला हवं एफ/८, आयएसओ १००, १/२००. मधलं अंतर सतरा-अठरा स्टॉपचं. चांगल्यातला चांगला सेन्सर चौदाच्या आसपास थकतो. म्हणजे भर रात्री एका चौकटीत, एका क्लिकमध्ये, डागांसकट चंद्र आणि उजळलेली जमीन हे दोन्ही मिळत नाहीत. असे फोटो जेव्हा दिसतात तेव्हा ते दोन फोटो असतात, जोडलेले. त्याला माझी हरकत नाही, फक्त तसं सांगावं. आणि जोडताना चंद्र ३०० मिमीचा, जमीन २० मिमीची असं करू नये. डोंगरापेक्षा मोठा चंद्र लगेच ओळखू येतो.

एका क्लिकमध्ये दोन्ही हवं असेल तर जमिनीवर उजेड असतानाच चंद्र गाठायचा. आणि म्हणून पौर्णिमेचे माझे बहुतेक चांगले फोटो पौर्णिमेचे नाहीतच, आदल्या संध्याकाळचे आहेत. पौर्णिमेला सूर्य मावळतो त्याच सुमाराला समोर चंद्र उगवतो. तो धुरकट पट्ट्यातून वर येऊन नीट दिसेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं जातात आणि तोवर जमीन काळवंडलेली असते. चंद्र दररोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणजे आदल्या दिवशी तेवढाच लवकर. सूर्यास्ताला तो क्षितिजाच्या थोडा वर येऊन बसलेला असतो, खाली घरं-झाडं उजेडात असतात, आणि दोघांचं एक्स्पोजर एकमेकांच्या जवळ येतं. सूर्यास्ताच्या आधीची दहा मिनिटं आणि नंतरची पंधरा, एवढीच ती खिडकी. बिंब किंचित अपुरं असतं, पण तुम्ही सांगितल्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही. हेच उलट करून पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहाटेही जमतं: पश्चिमेला चंद्र मावळतोय, पाठीमागून सूर्य येतोय. पहाटेची हवाही शांत असते. उठायची तयारी मात्र हवी.

अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सचा न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाचा जगप्रसिद्ध फोटो याच खिडकीतला आहे. तारीख १ नोव्हेंबर १९४१, आणि चंद्र पूर्ण व्हायला तेव्हा अजून दोन-एक दिवस होते. ॲडम्स गाडीने परतत होता, बाजूला कब्रस्तानातल्या पांढऱ्या क्रुसांवर मावळतीचं शेवटचं ऊन पडलेलं दिसलं. घाईघाईत मोठा कॅमेरा उभा केला, तर उजेड मोजायचं मीटरच सापडेना. चंद्राची तेजस्विता त्याला तोंडपाठ होती, चौरस फुटाला २५० कँडल (तेजस्वितेचं जुनं माप). त्यावरून मनातल्या मनात हिशेब केला आणि एक फोटो घेतला. दुसऱ्यासाठी फिल्म होल्डर उलटा करेपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलेलं होतं. वर दिलेला एफ/११ चा नियम पाठ करा असं मी म्हणतो ते यासाठीच. त्या दहा मिनिटांत मेन्यू चाळत बसायला वेळ नसतो.

आता तुमच्या मोठ्या लेन्सच्या प्रश्नामागचा खरा प्रश्न: फोटोत चंद्र मोठा कसा दिसेल? उगवताना तो ताटाएवढा दिसतो आणि फोटोत वाटाण्याएवढा येतो. ताटाएवढा दिसणं हा नजरेचा खेळ आहे. क्षितिजावरचा चंद्र मोजला तर डोक्यावरच्यापेक्षा थोडा लहानच भरतो, कारण तेव्हा तो आपल्यापासून पृथ्वीच्या त्रिज्येएवढा जास्त लांब असतो. लेन्सला भ्रम होत नाही, ती जे आहे ते देते. हिशेब सोपा आहे: लेन्सच्या मिमीला ११० ने भागा, तेवढ्या मिमीचा चंद्र सेन्सरवर पडतो. ३०० मिमीला २.७ मिमी. तुमच्या सेन्सरवर हे साधारण ७०० पिक्सेल होतात. ५० मिमीला अर्धा मिमीसुद्धा नाही.

पण ‘मोठा’ हा शब्द तुलनेचा आहे. चंद्र कशापेक्षा मोठा दिसतोय ते महत्त्वाचं, आणि ते ठरतं तुम्ही किती लांब उभे आहात त्यावर. इथेही तोच ११०. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर, अंतर सरासरी ३,८४,४००. भागाकार ११० च्या जवळपास. म्हणजे कुठलीही वस्तू तिच्या उंचीच्या ११० पट लांबून बघितली की चंद्राएवढी दिसते. तीस मीटर उंचीचं दीपगृह ३.३ किलोमीटरवरून बरोबर चंद्राएवढं. एक किलोमीटरवरून बघाल तर चंद्र त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढाही नाही. तेच दीपगृह, तोच चंद्र, तीच लेन्स. बदललं काय तर तुमची उभं राहायची जागा. उभा माणूस चंद्रात मावायला हवा असेल तर १९० मीटर मागे जा. तिथे मात्र ३०० मिमीला माणूस आणि चंद्र दोन्ही धारदार मिळणं कठीण होतं. एफ/११ ला ठेवून फोकस माणसावर करावा, चंद्र जरा मऊ राहिला तर चालतो. दीपगृहाच्या बाबतीत ही चिंता नाही. तीन किलोमीटरवर फोकस केलात की पलीकडे चंद्रही आलाच.

म्हणून या कामात दुपारचा नकाशा रात्रीच्या लेन्सपेक्षा जास्त उपयोगी. फोटोपिल्स किंवा फोटोग्राफर्स इफेमेरिस यांसारखी ॲप्स चंद्र कुठल्या दिशेला, किती वाजता, किती उंचीवर असेल ते सांगतात. स्टेलेरियममध्येही ते बघता येतं. नकाशावर दीपगृहातून चंद्राच्या दिशेची रेघ मागे ओढायची आणि त्या रेघेवर तीन-साडेतीन किलोमीटरवर उभं राहायला मोकळी जागा आहे का बघायचं. दहापैकी आठ वेळा तिथे झाडी, भिंत किंवा कोणाचं तरी घर निघतं. मग पुढचा महिना. पण पुढच्या महिन्यात चंद्र वेगळ्याच ठिकाणी उगवतो, म्हणजे रेघ पुन्हा काढा.

ॲपने सांगितलेली चंद्रोदयाची वेळ सपाट क्षितिजाची असते हे लक्षात ठेवा. मी ते एकदा विसरलो. पाण्याची एक उंच टाकी हेरली होती, तीन किलोमीटरवर ट्रायपॉड लावला, मिनिट न् मिनिट धरून बसलो. वेळ झाली, चंद्र नाही. पाच मिनिटं, आठ मिनिटं. टाकीच्या मागे लांबवर टेकड्यांची एक रांग होती, जेमतेम दोन अंश उंच, दिवसा धुरकट हवेत मला ती दिसलीच नव्हती. चंद्र ती रांग चढून आला खरा, पण तो सरळ वर येत नाही, तिरका येतो. वर येईपर्यंत टाकीच्या दीड चंद्र उजवीकडे गेलेला. तीन किलोमीटरवर एका चंद्राची रुंदी म्हणजे जमिनीवरचे २७ मीटर. मला चाळीस मीटर डावीकडे धावायचं होतं आणि डावीकडे नाला होता. त्या दिवशीचा फोटो टाकी एकीकडे, चंद्र दुसरीकडे असा आहे. तेव्हापासून मी आदल्या दिवशी जाऊन क्षितिज बघून येतो आणि ॲपमध्ये उगवण्याची वेळ न बघता, टेकडीच्या उंचीला चंद्र कुठल्या दिशेला असेल ते बघतो.

क्षितिजालगत आणखी दोन गोष्टी. एक, तिथे चंद्राचा उजेड हवेच्या जाड थरातून येतो. डोक्यावरच्या तुलनेत अगदी क्षितिजावर हा थर ३८ पट होतो. म्हणून नुकता उगवलेला चंद्र तीन-चार स्टॉप मंद असतो, एफ/११ चा नियम तिथे चालत नाही, आणि दर दोन मिनिटांनी एक्स्पोजर बदलत राहावं लागतं. दुसरी, हीच हवा त्याची कड उकळत्या पाण्यासारखी लहरवते. त्यावर उपाय नाही. तो त्या फोटोचा स्वभाव म्हणून घ्यावा. डाग रेखीव हवे असतील तर चंद्र निदान तीस अंश वर येऊ द्या. दिवसभर तापलेली गच्ची आणि डांबरी रस्ता यांच्यावरून नेम धरू नका, त्यांची गरम हवा रात्री उशिरापर्यंत वर येत राहते. आणि लेन्स थंड खोलीतून काढून लगेच दमट हवेत नेऊ नका. काचेवर बाष्प धरतं ते पुसलं तरी पुन्हा धरतं. पिशवीत बंद ठेवूनच अर्धा तास आधी बाहेर ठेवा.

हवेवरचा एक खरा उपाय म्हणजे एकाऐवजी पन्नास फोटो काढणं. हवा दर क्षणी वेगळी लहरते, काही फोटो नशिबाने शांत क्षणी सापडतात. ऑटोस्टॅकर्टसारखं मोफत सॉफ्टवेअर त्यातले चांगले निवडून एकावर एक बसवतं, मग खरखर कमी होते आणि धार काढायला वाव मिळतो. धार काढताना चंद्राच्या कडेवर लक्ष ठेवा. कडेभोवती पांढरी रेघ उमटली की समजा जास्त झालं. रंगाचं सॅच्युरेशन हळूहळू, थोडं थोडं करून वाढवलं तर एक गंमत दिसते: करडे वाटणारे डाग वेगवेगळ्या रंगांचे निघतात. शांतीसागर नावाचा डाग निळसर, शेजारचा प्रसन्नतासागर तपकिरीकडे झुकणारा. ती चूक नाही, शांतीसागराच्या लाव्हारसात टायटॅनियम जास्त आहे. रंग खरे आहेत, फक्त आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत इतके फिके.

फोनवाल्यांसाठी थोडक्यात. नाइट मोड बंद, डिजिटल झूम नको, फोनमध्ये वेगळी टेलिफोटो लेन्स असेल तर तीच. चंद्रावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस लॉक होतो, मग उजेडाची पट्टी डाग दिसेपर्यंत खाली ओढा. दुर्बीण असेल तर ती कशाला तरी टेकवून फोन तिच्या डोळ्याच्या भिंगाला लावा. खटपट आहे, पण फोनने मिळणारा सगळ्यात प्रामाणिक चंद्र हाच. कारण काही फोन चौकटीत चंद्र ओळखतात आणि न टिपलेले तपशील शिकलेल्या नमुन्यावरून भरून देतात. तुमचा फोन काय करतो हे बघायचं असेल तर चंद्राचं मुद्दाम अस्पष्ट केलेलं चित्र अंधाऱ्या खोलीत संगणकावर लावा आणि लांबून त्याचा फोटो काढा. चित्रात नसलेले खड्डे फोटोत आले, तर ते कुठून आले ते तुम्हीच ठरवा.

सुपरमूनच्या, म्हणजे चंद्र पृथ्वीजवळ असतानाच्या पौर्णिमेच्या, बातम्यांनी उतावीळ होऊ नका. सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात लांबचा पूर्ण चंद्र यांच्या व्यासात फरक १४ टक्क्यांच्या आसपास असतो, आणि नेहमीच्या चंद्राशी तुलना केली तर त्याच्याही निम्मा. तुमच्या ७०० पिक्सेलचे साडेसातशे होतात.

राहिला लेन्सचा प्रश्न. आधी हातातल्या ३०० मिमीने आदल्या संध्याकाळचे तीन-चार प्रयत्न होऊ द्या. त्यानंतरही डागांचे बारकावे कमी पडतात असं वाटलं तर ६०० मिमीच्या लेन्सआधी कोणाची तरी लहान दुर्बीण एक रात्र मागून बघा. १००० मिमी नाभीय अंतराची साधी दुर्बीणही तुमच्या सेन्सरवर नऊ मिमीचा चंद्र पाडते, म्हणजे चौकटीची निम्म्याहून जास्त उंची, आणि कॅमेरा जोडायला एक टी-रिंग (लेन्सच्या जागी बसणारी कडी) आणि तिच्या मापाची नळी पुरते. ती रात्र पौर्णिमेची निवडू नका. अष्टमीला जा, उजेड-अंधाराच्या सीमेवर खड्ड्यांच्या सावल्या लांब पडलेल्या असतात, आणि शटर दोन स्टॉप हळू करायला विसरू नका.